बॉल आत गेल्यावरची शिट्टी

आरतीची सासू भागूबाई दारात आलेल्या-गेलेल्याला सांगायची, "आमच्या सुनेचा घरात आवाज ऐकू येत न्हाई. पन गळ्यात शिट्टी अडकवली की सरपंचाच्या पोरालाबी बाहेर बसवती, आन लोक वर तिलाच चहा पाजत्यात."

खोटं नव्हतं ते. आरती राहुरीत एका शाळेत खेळ शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी बास्केटबॉलची पंच म्हणून गावोगाव जायची. सुरुवातीला लोकांना गंमत वाटली. केसांचा घट्ट अंबाडा, करडा शर्ट, काळी पँट, आणि पोरींच्या बरोबरीनं या टोकापासून त्या टोकापर्यंत पळणारी बाई. एका गावात तर पारावरचा म्हातारा हळहळला होता, की एवढी जिवाच्या आकांतानं पळते बिचारी, पण बॉल काही तिला कुणी देईना. पुढं लोकांना सवय झाली. नवऱ्याला तर आधीपासून होती. तो दूध डेअरीवर कामाला, पहाटे निघून जायचा, सामन्याच्या दिवशी स्वतःचा डबा स्वतः भरून घ्यायचा.

फ्री थ्रो म्हणजे काय, हे आरतीनं सासूला एकदा भाकरी थापता थापता समजावून दिलं होतं. खेळताना कुणी कुणाला चुकीचं ढकललं की खेळ थांबवायचा. जिला ढकललं तिला रेषेवर उभं करायचं आणि निवांत बॉल टाकू द्यायचा. मध्ये कुणी यायचं नाही, हात आडवा घालायचा नाही. बाकीच्या मुली दोन्ही अंगांनी रांगेत उभ्या, पंगतीला बसल्यासारख्या. टाकणारीच्या हातातून बॉल सुटेपर्यंत त्यांनी जागा सोडायची नाही.

"म्हंजे वाढपी यायच्या आधी पानाला हात लावायचा न्हाई," भागूबाई म्हणाली.

तसंच. आणि लावलाच कुणी तर? तर आधी बॉल आत गेला का ते बघायचं. गेला असला तर रांगेतल्या मुलींचं काही मनावर घ्यायचं नाही. गुण द्यायचा आणि पुढं चालायचं. लग्न लागल्यावर मानपानाची भांडणं कोण उकरतं? नाही गेला, आणि पलीकडच्या संघातली कुणी आधी घुसली असली, तर टाकणारीला पुन्हा टाकू द्यायचा. आपल्याच संघातलीनं घाई केली असली तर बॉल पलीकडच्यांना. इथवर सगळं चुलतीमावशीच्या भांडणासारखं, देऊनघेऊन मिटणारं. पण खुद्द टाकणारीनं चूक केली तर माफी नाही. बॉल तिच्या हाती दिला की पाच सेकंदांत टाकायचा, आणि तो रिंगेला लागेपर्यंत समोरच्या रेषेला अंगाचा कुठलाच भाग लावायचा नाही. लागला, तर बॉल आत जाऊनही गेला नाही असंच धरायचं.

भागूबाईनं तवा उतरवला आणि निकाल दिला. "हे मातर बरूबर. वऱ्हाडानं कायबी गोंधळ घालावा. पन नवरीनंच अंतरपाट वर करून बघितलं तर भटजी तरी काय करनार."

आता आपल्याकडच्या पोरींची एक रीत आहे. पेरणीला रानात पाय टाकताना माती कपाळाला लावायची, तालमीत उतरताना लावायची, तशी या पोरी फ्री थ्रोच्या रेषेलाही लावतात. वाकायचं, बोटं रेषेला टेकवायची, मग कपाळाला, मग छातीला. सिमेंटच्या मैदानावरच्या पांढऱ्या रंगात कुठला देव बसलाय, हे विचारू नये. ज्या जागेनं काही द्यायचं असतं तिच्या पाया पडायचं, एवढंच त्यांना घरून ठाऊक.

नियमाला याचं काही वावडं नाही, जोवर बॉल पंचाच्या हातात आहे. एकदा बॉल पोरीच्या हाती आला, की मग रेषेला लागलेलं बोट म्हणजे रेषेला लागलेलं अंग. म्हणून आरतीनं आपली एक पद्धत ठेवली होती. बास्केटखाली बॉल घेऊन ती उभी असली, की पोर वाकून उठेपर्यंत बॉल कमरेवरच धरायची. पोर ताठ झाली, तिनं हात पुढं केले, की मग टप्पा देऊन बॉल तिच्याकडं. कुठल्या पुस्तकात हे नव्हतं. तालुक्यातले जुने दोन पंच आरतीचं बघून तसंच करायला लागले. कधी कुणाची चूक धरावी लागली नाही. आणि धरावी लागली नाही म्हणून, यात धरण्यासारखं काही आहे हे कुठल्याच पोरीला कळलं नाही. लेकराच्या पुढ्यातला निखारा आई गुपचूप बाजूला सारत राहिली, की लेकराला विस्तव लाल खेळण्यासारखाच दिसतो.

त्या पोरींमध्ये एक होती ज्ञानेश्वरी. पाथर्डीकडच्या डोंगराखालची. आईबाप दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे, म्हणून ती सोनईच्या बाजूला एका वसतिगृहात राहून शिकायची. उन्हाळ्यात आरतीच्या शिबिराला राहुरीला यायची आणि भागूबाईच्या शेजारी अंथरूण टाकायची. भागूबाई तिच्या उंचीकडं बघून म्हणायची, की हे जोंधळ्याचं ताट कुठून आणलंस गं सूनबाई. त्यावर ही म्हणायची, "आजी, ताटाला कनीस तरी लागतं. मला नुसते पाय लागलेत."

पण त्या पायांवरून उठून तिचा बॉल सुटला, की आरती बोलता बोलता गप्प व्हायची. फ्री थ्रो तर तिचा चुकायचाच नाही म्हटलं तरी चालेल. रेषेवर उभी राहिली, की देवळात समई लावायला गेलेल्या बाईसारखी शांत. आरतीला स्वतःचं लेकरू नव्हतं. त्यावर घरात कुणी बोलत नसे, आणि शिबिर संपून ज्ञानेश्वरी गेली की दोन दिवस भागूबाई आरतीला स्वयंपाकघरात येऊ देत नसे. मिठाचा अंदाज चुकतो म्हणायची.

त्या वर्षी ज्ञानेश्वरी दहावीला होती आणि तिच्या आईची, छबूबाईची कंबर गेली. ऊसतोडीत एकट्या माणसाला कुणी धरत नाही. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहायच्या. त्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. छबूबाईला वाकलं की उठता येईना. म्हणजे ज्ञानेश्वरीच्या बापाचा, कानिफनाथाचा कोयता अर्धा राहिला. उरलेला अर्धा भाग म्हणून लेकीकडं बघण्यावाचून त्याच्यापुढं दुसरं काही नव्हतं, आणि तसं त्यानं तिला सांगितलं होतं. पोरगी रडली नाही. तिनं फक्त विचारलं, की जिल्हा जिंकून संघ विभागाच्या स्पर्धेला गेला तर? विभागाला गेलेल्या मुलींतून निवड करून खेळाच्या सरकारी निवासी शाळेत घेणार होते. राहणं, जेवण, शिक्षण सगळं तिथंच. कानिफनाथ म्हणाला, की तसं झालं तर मी भावकीतलं कुणीतरी बघीन, नाही मिळालं तर तुझी आई रांगत वाहील. पण नाही झालं, तर तू चल.

हे सगळं ज्ञानेश्वरीनं आरतीला जिल्ह्याच्या स्पर्धेआधी फोनवर सांगितलं. गयावया नव्हती की काही मागणं नव्हतं. सांगून झाल्यावर तिनं विचारलं, की आजीचा गुडघा कसा आहे.

स्पर्धा नगरला होती. अंतिम सामना ज्ञानेश्वरीच्या वसतिगृहाचा आणि शहरातल्या एका मोठ्या शाळेचा. पंच म्हणून आरती, आणि जोडीला हर्षल नावाचा तरुण मुलगा, पुण्याहून परीक्षा देऊन नुकताच पंच झालेला. आरतीनं आयोजकांना सांगून बघितलं, की यातली एक मुलगी माझ्या घरी राहिलेली आहे, मला हा सामना नको. ते म्हणाले, मॅडम, जिल्ह्यातली कोणती मुलगी तुमच्या शिबिरात आलेली नाही ते सांगा, तिचाच सामना तुम्हाला देतो.

सकाळी तिनं हर्षलशी बाकी सगळं बोलून घेतलं. कुठल्या वेळी कुणी कुठं उभं राहायचं, वेळ लिहिणाऱ्याला खुणा कशा करायच्या, पाणी कुठं आहे. नमस्काराचं बोलायला हवं, हे तिच्या मनातच आलं नाही. आपल्या घराचा उंबरा उंच आहे हे घरच्यांना कुठं आठवतं? पाहुणा अडखळल्यावरच कळतं.

सामना अगदी चुरशीचा झाला. शेवटी शेवटी शहरातली शाळा एका गुणानं पुढं होती. घड्याळात थोडकेच सेकंद उरलेले असताना ज्ञानेश्वरी रिंगेखाली उसळली आणि पलीकडच्या मुलीनं तिचा हात ओढला. शिट्टी आरतीचीच होती. दोन फ्री थ्रो. एक गेला तर बरोबरी, दोन्ही गेले तर जवळजवळ जिंकल्यातच जमा.

अशी शिट्टी झाली की दोन्ही पंच जागा बदलतात. त्या रीतीप्रमाणं हर्षल बॉल घेऊन बास्केटखाली गेला आणि आरती ज्ञानेश्वरीच्या मागं, थोडी बाजूला उभी राहिली. आता टाकणारीवर नजर ठेवणं हे तिचं काम.

पहिल्या वेळी सगळं जुळून आलं. हर्षल रांगेतल्या मुलींना नीट उभं करत होता, तेवढ्यात ज्ञानेश्वरी वाकली, उठली, हात पुढं केले. बॉल आला. गेला आत. वसतिगृहाच्या मुलींनी एकमेकींचे हात धरले.

बॉल जाळीतून खाली पडला तो हर्षलच्या हातात. त्यानं बोटानं एक अशी खूण केली आणि लगेच टप्पा देऊन बॉल ज्ञानेश्वरीकडं सोडला. चांगला पंच असाच करतो, वेळ घालवत नाही. ज्ञानेश्वरीनं बॉल धरला. आणि मग, पाण्याचा हंडा घ्यावा तसा तो डाव्या कमरेवर टेकवून, ती वाकली. उजव्या हाताची बोटं रेषेला लावली. कपाळाला लावली. छातीला लावली. सावकाश, मनापासून, कारण हा शेवटचा होता.

आरतीनं ते बघितलं. एका हातानं सेकंद मोजताना तिनं ते इतक्या जवळून बघितलं, की पोरीच्या नखाला लागलेला पांढरा रंगसुद्धा तिला दिसला.

शिट्टी त्याच क्षणी वाजायला हवी होती. तोंडातच होती. पण श्वास आत गेला तो बाहेर येईना. पोर उठली, उभी राहिली, तिनं बॉल डोक्यावर नेला. आणि ज्या पोरीच्या नेमासाठी आरतीनं वर्षानुवर्षं उन्हात उभं राहून बॉल वेचून दिले होते, तिच्यासाठी तिनं त्या क्षणी देवाकडं एकच मागितलं, की हिचा नेम चुकू दे. चुकला तर काहीच बोलायला नको. बॉल रिंगेला लागून उडेल, झटापट होईल, बरोबरी राहील, पुढं जादा वेळात बघता येईल. कुणाचं काही हिरावून घ्यावं लागणार नाही.

नेम चुकला नाही. बॉल रिंगेला स्पर्श न करता आत गेला.

मुली किंचाळल्या. ज्ञानेश्वरीनं वळून बघितलं, ते संघाकडं नाही, आरतीकडं. तोंडभर हसली. ते हसू पूर्ण झाल्यावर आरतीची शिट्टी वाजली. दोन्ही हात छातीसमोर आडवे हलवून तिनं गुण रद्द केला आणि बोट पलीकडच्या बाजूला केलं. बॉल शहरातल्या शाळेला.

मैदानाला आधी कळेचना. मग वसतिगृहाचे सर धावत आले, आणि आरतीनं त्यांना शांतपणे सांगितलं, की बॉल हाती आल्यावर रेषेला हात लागला. सर म्हणाले, अहो मॅडम, ती पाया पडली. आरती म्हणाली, "हो. पाया पडली."

राहिलेल्या सेकंदांत शहरातल्या एका चपळ मुलीनं बॉल पुढं नेला आणि कुणालाही कळायच्या आत टाकला. तो गेला. ज्ञानेश्वरी तिला अडवायला धावली होती, पण निम्म्यात तिचे पाय जड झाले, ते आरतीनं पाहिलं.

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, की गाववालीनंच कापलं पोरींना. हर्षलनं आरतीला पाणी आणून दिलं. त्याचा चेहरा उतरला होता. "मॅडम, मी बॉल दिला तेव्हा ती सरळ उभी होती. मला माहीत असतं तर…" आरतीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याचं काय चुकलं होतं?

रात्री घरी जेवण कुणालाच गेलं नाही. भागूबाई पदराचं टोक पीळत सगळं ऐकत होती. मग तिनं विचारलं, "न दिसल्यावानी केलं असतंस तर?"

"दिसलं होतं, आत्या."

"व्हय," भागूबाई म्हणाली. "दिसायचंच काम हाय तुझं." आणि कूस बदलून झोपल्याचं सोंग घेतलं.

दिवाळी उरकल्यावर आरती पाथर्डीच्या एसटीत बसली. पिशवीत भागूबाईनं दिलेल्या चकल्या आणि करंज्या. मनात एक ठरवून निघाली होती. ज्ञानेश्वरीला आपल्याकडं ठेवून घ्यायचं. राहुरीत शाळा, घरी राहणं, दहावी तरी हातची जाणार नाही.

ती पोचली तेव्हा वस्तीवर ट्रॅक्टर उभा होता आणि ट्रॉलीत संसार चढत होता. पत्रे, बांबू, पाण्याचं पिंप, धान्याची पोती, कोंबड्यांचं खुराडं. छबूबाई ओट्यावर बसून काय राहिलं, काय घेतलं ते सांगत होती. उठायचं म्हटलं की भिंत धरावी लागत होती. आरतीला बघून तिनं पदर सावरला आणि चहा टाकायला लेकीला हाक मारली. चूल मोडलेली होती, तरी हाक मारली.

आरतीनं कानिफनाथाला बाजूला घेऊन मनातलं सांगितलं. तो नीट ऐकून घेत होता, मान डोलावत होता. वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर आरतीला भांडता तरी आलं असतं.

"मॅडम, तुमी पोटच्यावानी करताल, मला ठावं हाय. लेकरू ठिऊन जातो म्हनलं तर मला काय जड हाय का? पन तिकडं फडात मी एकटा उभा राहिलो तर मुकादम इचारनार, दुसरा हात कुठाय. त्याला काय दाखवू?"

आरती ज्ञानेश्वरीकडं गेली. पोरगी भांडी एकात एक घालून गोणीत भरत होती. डोक्याला फडकं बांधलेलं, आईचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट अंगात. उसाच्या पानानं हात कापू नयेत म्हणून बायका घालतात तो. बाह्या तिला आखूड होत होत्या.

"मी बोलते अजून तुझ्या वडलांशी," आरती म्हणाली.

"नका बोलू मॅडम. आईला मोळी उचलत न्हाई. मी काल बघितलं." तिनं एक पातेलं दुसऱ्यात बसवलं. बसेना, तेव्हा उलटं करून बसवलं. "मॅडम, एक इचारू का? राग न्हाई ना येनार?"

"विचार."

"तुमी शिट्टी लगेच का न्हाई वाजवली? मी वाकले तवाच वाजवायची हुती. बॉल आत गेल्यावर का?"

आरतीनं खोटं बोलायचं ठरवलं होतं. पंचाला नियमाआड लपता येतं, कुणी विचारलं तर सांगायला पाठ केलेली वाक्यं असतात. ती ओठापर्यंत आलीसुद्धा.

"मला वाटलं, चुकेल," ती म्हणाली. "चुकला असता तर मला वाजवावी लागली नसती."

ज्ञानेश्वरीनं वर बघितलं. त्या बघण्यात राग असता तर सोसला असता.

"माझा चुकतो का मॅडम?"

नाही, असं आरतीला म्हणायचं होतं. पण डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ट्रॉलीत सामान चढवणाऱ्या दोन बाया थांबून बघायला लागल्या.

"रडू नका, मॅडम. लोक बघत्यात," ज्ञानेश्वरी हळू आवाजात म्हणाली, थोरल्या बहिणीसारखी. "लगेच कळलं असतं तरी मी रडलेच असते. पन आधी हसले नसते, येवढंच." मग तिनं पिशवीतली करंजी घेतली, अर्धी तोंडात टाकली, अर्धी ओट्यावर आईच्या हातात दिली, आणि गोणी खांद्यावर घेऊन ट्रॉलीकडं गेली. आजीचा गुडघा कसा आहे, ते या वेळी तिनं विचारलं नाही.

सामान चढलं. छबूबाईला आरती आणि ज्ञानेश्वरी दोघींनी उचलून पोत्यांवर बसवलं, पाठीशी गोधडी लावून दिली. ज्ञानेश्वरी तिच्या बाजूला खुराडं मांडीवर घेऊन बसली. तिचे लांब पाय कुठं ठेवावेत ते तिला कळत नव्हतं. शेवटी तिनं ते पिंपाच्या दोन्ही बाजूंनी सोडले. ड्रायव्हरनं ट्रॅक्टर सुरू केला. सगळ्यावरून दोर टाकून बांधायचा राहिला होता, आणि कानिफनाथाला पलीकडून धरायला माणूस मिळेना.

तो वाकून ट्रॉलीखालून म्हणाला, "मॅडम, जरा येवढं टोक धरता का? मी इकडनं आवळतो."

आरतीनं दोर हातात घेतला. पलीकडून हिसका आला तसं तिनं पाय रोवले.

"ढिला सोडू नका," कानिफनाथ म्हणाला. "वाटंत सुटतं."

"नाही सोडत," आरती म्हणाली, आणि त्यानं पलीकडं गाठ मारेपर्यंत तिनं तो दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.